शिडाला मारलेली म्हशीची गाठ

ज्या जहाजावर मी अजून पाऊलही ठेवलं नव्हतं, त्याच्या सर्वांत उंच डोलकाठीच्या टोकावर उभा राहून मी दुर्बिणीतून क्षितिज न्याहाळतो आहे, असा माझा फ्लेक्स आमच्या गल्लीच्या तोंडाला लागला होता. वर ठळक अक्षरांत 'गवळी गल्लीचा ढाण्या वाघ सातासमुद्रापार!' आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो, संख्येनं आणि मिशांनी माझ्यापेक्षा भारी. हा प्रताप मुश्ताकचा. मुश्ताक माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे; पाट्यांचे दिवस संपले तसं मुश्ताकनं फ्लेक्सचं मशीन टाकलं. त्यानं कुठल्याशा परदेशी जहाजाचं चित्र शोधलं, त्याच्या टोकावर कुणा गिर्यारोहकाचं धड बसवलं आणि धडावर माझं मुंडकं. धड इतकं पिळदार होतं की आईनं बराच वेळ बघून विचारलं, "वरचा आपला हाय. खालचा कोण म्हणायचा?"

मी मुश्ताकला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, मी अजून चढलो न्हाय तिथं. गोठ्याच्या माळ्यावर चढायचं तर मी आईला पाठवतो."

"चढशील की!" तो म्हणाला. "फ्लेक्स आदी लावायचा आस्तोय. माणूस मागनं त्या मापाचा हुतोय."

त्याचं हे तत्त्वज्ञान कोल्हापुरात पुढं फार मोठमोठ्या लोकांनी अंगीकारलं, पण त्याचा पहिला बळी मी.

आम्ही गवळी. घर पुढं आणि गोठा मागं असं म्हणायची पद्धत आहे, पण आमच्याकडे गोठा पुढं होता आणि उरलेल्या जागेत आम्ही. माझी झोप मोडायची ती रिकाम्या बादलीवर पडणाऱ्या पहिल्या धारेनं. आधी चर्र चर्र असा पत्र्याचा आवाज, मग बादली भरत जाईल तसा तो जाड होत जायचा, आणि फेस चढला की नुसतं घुम्म घुम्म. त्या आवाजावरून मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचो की म्हैस कुठली आहे आणि आबा रागात आहेत की नाहीत. आबा म्हणजे माझे वडील. संध्याकाळी आमच्या म्हशी चौकात कट्ट्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पेल्यात धार काढली जायची. तालमीतले पैलवान, बाळंतिणीचा नवरा, ऑफिसातून घरी निघालेले साहेब, सगळे ओठावर पांढरी मिशी घेऊन उभे. त्या कट्ट्यावर आबांचा रुबाब असा, की बाटलीतल्या दुधाचं कुणी नाव काढलं तर ते त्याच्याकडे, आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे.

आमच्या सगळ्या म्हशींत नामांकित बिजली. तिचं नाव कुणी आणि कशासाठी ठेवलं हे कोडंच होतं, कारण मनात नसेल तर ती ट्रकच्या हॉर्नलाही हलायची नाही. पण दिवाळीच्या पाडव्याला तिची शिंगं रंगवली, हुपरीहून आणलेले तोडे पायात चढवले आणि आबांनी पुढं मोटरसायकल काढून "ह्योऽऽ बिजलेऽऽ" अशी आरोळी ठोकली, की ती मोटरसायकलमागं अशी सुटायची की रस्ता फाटायचा. गल्लीतली लहान पोरंसुद्धा आबांच्या त्या आरोळीला मान वळवायची. मी तर वळवायचोच.

आणि बिजलीची दुसरी कला गाठ सोडण्याची. आमच्याकडे जनावर बांधायची गाठ ठरलेली. आबांनी मला अक्षरं गिरवायच्या आधी ती शिकवली. "गाठ कशी पायजे? जनावरानं वढली तर आवळावी, माणसानं वढली तर सुटावी." दाव्याला फास घालायचा आणि शेवट, म्हणजे दाव्याचं टोक, मोकळा सोडायचा. गोठ्याला आग लागली, म्हैस घसरून फासाला लोंबली, तर शेवट धरून एक हिसका दिला की गाठ मोकळी. सगळ्या म्हशींना हे चालायचं. बिजली मात्र दातात शेवट धरून स्वतःच हिसका द्यायची आणि चौकात जाऊन केळीवाल्याच्या गाड्यासमोर उभी राहायची. म्हणून तिच्यापुरता आबा तो शेवट परत फासातून ओवून घ्यायचे. मला या ओवण्याचा कंटाळा. मी बांधलं की बिजली सुटायची आणि घरचा नियम असा की ज्याची गाठ सुटली त्यानंच म्हैस आणायची. अख्ख्या कोल्हापुरातल्या केळीवाल्यांच्या शिव्या मला तोंडपाठ होत्या.

नौदलात मी गेलो तो रंकाळ्यात पोहता येतं म्हणून. पंचगंगेला पूर आला की बाकीची पोरं पुलावरून उड्या टाकायची; त्या वेळी मी त्यांचे कपडे सांभाळायचो. हे नौदलानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भरतीनंतरचं जमिनीवरचं शिक्षण उरकलं आणि शिडाच्या जहाजासाठी पोरं निवडायला एक साहेब आले. त्यांनी विचारलं, "रस्सी का काम आता है?" मी छाती काढून म्हणालो, "बचपन से, सर!" झालं. रजेवर घरी आलो तर गल्लीत फ्लेक्स, हलगी, पेढे. फक्त आबा फ्लेक्सखाली उभे राहिले नाहीत. निघायच्या दिवशी मी पाया पडलो. आमच्याकडे पाया पडणाऱ्याला थोरल्यानं "जा" म्हणायचं असतं, "जाऊन ये" म्हणायचं असतं. आबा म्हणाले, "सकाळच्या धारंला कोण आता?" आणि वैरण टाकायला आत गेले. मी तसाच गाडीत बसलो. 'जा' मिळालं नाही, हे मला घाट उतरेपर्यंत दाढेत अडकलेल्या मटणाच्या धाग्यासारखं खुपत राहिलं.

जहाज धक्क्याला लागलेलं होतं. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीला आडवी लांबच लांब दांडकी, त्यांना यार्ड म्हणतात, आणि इतक्या दोऱ्या की कोष्ट्याच्या मागावर कुणीतरी समुद्र विणायला घेतलाय असं वाटावं. इंजिन होतं, पण त्याचं नाव काढलेलं तिथं आवडत नसे. नव्या काळातल्या नौदलाला शिडाचं जहाज कशाला, असं मला लोक आजही विचारतात. उत्तर असं की वारा, पाणी आणि स्वतःची लायकी या तीन गोष्टी संगणकावर कळत नाहीत. पैकी तिसरी मला पहिल्याच दिवशी कळली. वर बघितलं आणि मान इतकी मागं गेली की टोपी पडली.

त्या सगळ्या दोऱ्यांचा आणि आमचा मालक म्हणजे बफर. डेकवरच्या थोरल्या खलाशाला नौदलात असंच म्हणतात. आमचा बफर मालवणचा. बुटका, काळाकभिन्न, आणि आवाज असा की शिडानं ऐकावं. कप्तानसाहेबांसमोर हिंदी, रागात मालवणी. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, "ह्या सफरीत मी बघतलंय. गोव्याक पोचलों काय जो यार्डार काम करूक शकता तो फुडे समुद्रापार जातलो. बाकीचे गोव्याक उतरतले. बस पकडा नि घराक जावा." घराक जावा! माझ्या डोळ्यांपुढं फ्लेक्स फडफडला. वाघ एसटीनं परत आलेला बघून गल्ली काय म्हणेल याचे संवादसुद्धा मला ऐकू आले.

समुद्रात निघाल्यावर मी आधी पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं. आईनं दिलेली कांदा-लसणीची चटणी, तिच्याबरोबर खाल्लेल्या चपात्या, आणि वाटतं की बारावीत शिकलेलं काही. माझा जोडीदार थॉमस, केरळच्या मच्छीमाराचा पोरगा, एका हातानं मला कॉलरला धरून दुसऱ्या हातानं माझी चटणी भाताला लावून खात होता. "गुड चटणी," तो म्हणाला. चहा आला तो दुधाच्या पावडरीचा. मी फोनवर हे चुकून आबांना सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग आबा म्हणाले, "पावडर? अन् पितोस?"

चढण्याची तऱ्हा काय सांगू! पहिल्या यार्डापर्यंत दोरांची शिडी जाते. थॉमस ती माकडासारखा चढायचा. मी अर्ध्यात पोचलो की हात मिठी मारायचे आणि पाय रामनाम घ्यायचे. बफर खालून ओरडायचा, "झिला, दोरयेशी लगीन करतंस काय? सोड तिका!" मग माझी रवानगी बटाटे सोलायला किंवा पितळ घासायला. त्या जहाजावरची घंटा मी इतकी घासली की तीत मला माझं भविष्य दिसायचं, आणि ते एसटीत बसलेलं असायचं. त्यात घरून निरोप : टेम्पो ठरलाय, अख्खी गल्ली गोव्याला येते आहे, वर उभा राहिलेला बघायला. जहाज बंदरात शिरताना पुढच्या सफरीची पोरं यार्डांवर ओळीनं उभी राहून सलामी देतात, हे मुश्ताकनं कुठंतरी वाचलं होतं. देवानं मुश्ताकला वाचता यायला नको होतं.

शेवटी मी एक शोध लावला. खाली बघायचं नाही, वर बघायचं नाही, नाकासमोरच्या दोरीकडं बघून मनात म्हशींची नावं घ्यायची. या मंत्रावर मी सर्वांत खालच्या यार्डापर्यंत पोचलो. तिथं काम होतं गुंडाळलेलं शीड छोट्या दोऱ्यांनी यार्डाला बांधून टाकायचं. दोरी हातात आली आणि मी माहेरी आलो! थॉमसची एक गाठ होईपर्यंत माझ्या चार झाल्या. सगळ्या एकसारख्या, शेवट एका रांगेत लोंबतोय. बफरनं खालून बघितलं, भुवया उडवल्या आणि म्हणाला, "चपळ हा रे झील!" मी जेवताना सगळ्यांना ऐकवलं की कोल्हापुरात आमच्या रक्तात दोऱ्या असतात. थॉमसला तर गाठ शिकवायलाही निघालो. हे सांगताना आजही माझे कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गोवा जवळ आलेला असताना, वारा उठला. आम्ही डेकवर होतो. माझ्या डोक्यावर काहीतरी फटफट वाजायला लागलं. बघतो तर माझ्या त्या सुंदर रांगेतले मोकळे शेवट वाऱ्यानं धरले होते आणि तो त्यांना हिसके देत होता. पहिली गाठ सुटली. मग शेजारची. मग गोठ्याचं दार उघडं राहावं तशा एकामागून एक सगळ्या. शिडाचं पोट बाहेर पडलं, फुगलं, आपटायला लागलं. प्रत्येक आपटीला डोलकाठी कण्हत होती आणि जहाज एका अंगाला कलत होतं. कप्तानसाहेब वळून बघायला लागले. असंच आपटत राहिलं तर शीड फाटणार हे मलासुद्धा कळत होतं.

"कोणी बांधल्यान ता?" बफर गरजला.

आता या ठिकाणी मला लिहायला आवडलं असतं की माझ्यातला ढाण्या वाघ जागा झाला. वाघबिघ काही नाही. लहानपणापासून हाडात मुरलेलं एकच वाक्य जागं झालं : ज्याची गाठ सुटली त्यानं म्हैस आणायची. मी उत्तर द्यायच्या आत पाय दोरांच्या शिडीवर होते. म्हशींची नावं घ्यायचं राहून गेलं, कारण डोक्यात एकच म्हैस होती. मागोमाग थॉमस. यार्डाखाली पाय ठेवायला एक दोर लोंबता असतो, त्यावरून सरकत मी शिडापाशी पोचलो आणि ओढायला गेलो. त्यानं मला असा तडाखा दिला की टोपी आमच्या आधीच गोव्याला गेली. तेव्हा आठवलं, बिथरलेल्या म्हशीला ओढायचं नसतं. तिच्या अंगावर आपलं अंग टाकायचं, आणि बोलत राहायचं. मी यार्डावर पोट टेकवून पालथा पडलो, दोन्ही हातांनी कापड कवेत घेतलं, पोटाखाली दाबलं आणि सुरू झालो, "हाऽऽ बिजले! हाऽऽ माझी बाय! गप! गप म्हन्तो न्हवं! तुझ्या आयला तुझ्या, केळी न्हाईत हितं!" वाऱ्याचा झपाटा जरा सैल पडला की एक घडी पोटाखाली. पलीकडच्या टोकाला थॉमसही तेच करत होता, आणि देवाशपथ सांगतो, तोही ओरडत होता, "हाऽ बिजले! हाऽ माय बाय!"

शीड आवरलं. गाठी मारल्या. आणि मग, काम संपल्यावर, मी खाली बघितलं.

पुढचं सांगण्यासारखं नाही, म्हणून सांगतो. मी यार्डाला मिठी मारली आणि डोळे मिटले. थॉमस उतरून गेला. चहा झाला. कुणीतरी खालून विचारलं की याला जेवण वरच पाठवायचं का. शेवटी बफर स्वतः वर आला. मला वाटलं आता ढकलतो. त्यानं माझी गाठ हातात घेतली, शेवट धरून हलका हिसका दिला. सुटली.

"ही खंयची गाठ?"

"म्हशीची," मी डोळे न उघडता म्हणालो. "जनावरानं ओढली तर आवळते, माणसानं ओढली तर सुटते."

"बरोबर. पण वाऱ्याक म्हस समाजलंस, मेल्या? म्हस एका बाजून वढता. वाऱ्याक सगळे बाजून हात. तो शेपटेकच धरतलो."

बिजलीसारखा, मी मनात म्हटलं, आणि डोळे उघडले. दोरी घेतली, फास घातला, आणि जन्मभर ज्याचा कंटाळा केला ते केलं. शेवट परत फासातून ओवला. बफरनं हिसका दिला. जोरानं दिला. गाठ जागची हलली नाही. "ता आधी करूक काय झालेला?" एवढंच म्हणून तो माझ्या अंगावरून खाली उतरायला लागला आणि जाता जाता माझा एकेक पाय धरून शिडीच्या पायरीवर ठेवत गेला, रांगणाऱ्या पोराला उंबरा ओलांडून द्यावा तसा. डेकवर कप्तानसाहेबांनी त्याला विचारलं, "क्या बोलते हो? ये जाएगा?" बफरनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "जाएगा, सर. लेकिन सबसे नीचेवाले यार्ड पर."

गोव्याच्या बंदरात आम्ही शिरलो तेव्हा मी सर्वांत खालच्या यार्डावर, पांढऱ्या कपड्यांत, नजर समोर, तोंड बंद. सलामीचा नियम कडक. माशी नाकावर बसली तरी मान हलवायची नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून धक्का दिसत होता. टेम्पो होता. आई होती. आणि मुश्ताकनं तो फ्लेक्स सोबत आणून धक्क्यावर ताणून धरला होता! सगळी गल्ली फ्लेक्सकडं बघून डोलकाठीच्या टोकाकडं बोटं दाखवत होती. टोकावर थॉमस उभा होता.

"वाळलाय की रं," आई थॉमसकडं बघून म्हणाली. वारा आमच्या दिशेला होता, सगळं ऐकू येत होतं. "काळाबी पडलाय."

"काकी, त्यो आपला न्हवं," मुश्ताकचा आवाज.

मग कुजबुज. मग, "आपला कुठाय?" शोधाशोध सुरू झाली. आला न्हाय वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायचं नव्हतं. तेवढ्यात धक्क्यावरून आरोळी आली, अख्ख्या बंदरावरून, पाडव्याच्या दिवशी येते तशी.

"ह्योऽऽ बिजलेऽऽ!"

सगळी यार्डं समोर बघत होती. माझी एकट्याची मान वळली. खरं सांगायचं तर एकट्याची नाही, थॉमसचीही वळली. पुढं आम्ही दोघांनी मिळून घंटा घासली. पण त्या क्षणी आबांना मी दिसलो.

घरच्यांना डेकवर सोडलं तेव्हा आईनं मला पोटभर दाबून बघितलं, मुश्ताकनं फ्लेक्ससमोर फोटो काढले. आबा इकडंतिकडं न बघता सरळ कप्तानसाहेबांकडं गेले. कडक इस्त्री, छातीवर पदकं. आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पावणं, ही दोरकामं कुणाची?" साहेबांना मराठी येत नव्हती; बफरनं मध्ये पडून माझ्याकडं बोट दाखवलं. रेलिंगला एक शीड घडी करून बांधलेलं होतं, माझ्याच हातचं. आबा तिथं वाकले. गाठीवरून अंगठा फिरवला. शेवट कुठं लोंबतोय हे शोधलं, सापडला नाही. फासातून आत गेलेला दिसला. तो चिमटीत धरून त्यांनी हिसका दिला. एकदा हळू. एकदा बिजलीच्या ताकदीनं.

"ववलास व्हय शेवट?"

"व्हय, आबा."

ते उठले, धोतराला हात पुसले. समुद्राकडं बघितलं, आणि मग त्यांच्या कपाळाला जी आठी पडली ती मला वाचता आली : एवढ्या पाण्यात एक म्हैस नाही.

"मग जा," आबा म्हणाले. "पर त्यो पावडरचा चा पिऊ नगंस."